टेप धरायला खड्ड्यात माणूस कशाला?

पत्र एका तरुण अभियंता मुलीचं आहे. वय २६, नोकरीला दोन वर्षं झालेली. साइटवरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. आता पावसाचं पाणी गटारात न सोडता जागच्या जागी मुरवायचं आणि साठवायचं काम उरलंय. दोन शोषखड्डे, एक लांब पाझर चर, पार्किंगखाली प्लास्टिकच्या क्रेटची टाकी आणि तिच्यावर पाणी झिरपू देणारे पेव्हर ब्लॉक, असा सगळा पसारा तिच्या एकटीच्या अंगावर आहे. मागच्या आठवड्यात जमीन किती पाणी पिते याची चाचणी चालू होती. साधारण दोन मीटर खोल खड्डा, त्यात पाणी ओतलेलं आणि पातळी मोजायला टेप धरून एक कामगार आत उतरलेला. एका बाजूची माती घसरली आणि तो मांडीपर्यंत गाडला गेला. चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं. नडगी सोलवटली, अंगभर गढूळ पाणी, बाकी काही नाही. सगळे हसले, तोही हसला. मुकादम म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं खड्डेच खणतोय. एवढ्याला काय घाबरायचं?" साहेब म्हणाले, "मुख्य काम संपलंय. हे बागेचं काम आहे, उगाच वाढवू नका." घटनेची नोंद कुठेच झाली नाही. ती विचारते: मी उगाच घाबरतेय का? वयाने, अनुभवाने मोठ्या माणसांना सुरक्षिततेचं कसं सांगायचं? आणि पर्यावरणासाठी चांगलं काम चालू असताना आपणच त्यात खोडा घालतोय असं वाटतं, त्याचं काय करायचं?

तुमचं पत्र वाचताना मी 'मांडीपर्यंत' या शब्दापाशी थांबलो. मांडीपर्यंत, कारण माती आली त्या क्षणी तो माणूस उभा होता. टेपवरचा आकडा वाचायला माणूस वाकतो. तो वाकलेला असताना तीच माती आली असती तर डोक्यापाठीवर आली असती आणि हे पत्र तुम्ही वेगळ्या कारणासाठी लिहिलं असतं. एक घनमीटर मातीचं वजन दीड ते दोन टन भरतं. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं तोंड उघडं असलं तरी तो गुदमरतो. श्वास सोडला की छाती आत जाते, मोकळ्या झालेल्या जागेत माती बसते आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. चौघांनी ओढून काढण्याइतका वेळ तेव्हा हातात नसतो.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुम्ही उगाच घाबरत नाही आहात.

पण तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या तळाशी एक गोष्ट तुम्ही न विचारताच मान्य करून टाकली आहे: माणूस खड्ड्यात उतरणारच, फक्त तो सांभाळून कसा उतरेल ते बघायचं. मला नेमकं तेच विचारायचं आहे. तो उतरला कशासाठी? पाण्याची पातळी वाचायला. ते काम काठावरून होतं.

जमिनीची पाणी पिण्याची क्षमता मोजायची जी पद्धत ब्रिटनमध्ये रुळली आहे, तिच्यात खड्डा एकापाठोपाठ तीनदा पाण्याने भरतात आणि पातळी ७५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो ते बघतात. जरा विचार करा, आपण काय करतो आहोत? उभ्या कडांचा, आधार नसलेला खड्डा मुद्दाम भिजवतोय, तोही तीनदा. पाणी आत असतं तोवर ते कडांना थोडं रेटून धरतं. पाणी उतरलं की तो रेटा जातो आणि मागे राहते ती भिजून जड झालेली माती. नेमक्या त्याच वेळी आपण माणूस आत पाठवतो. याला उपाय साधा आहे. खड्डा खणून झाला की मध्ये छिद्रं पाडलेला पाइप उभा करायचा आणि भोवती स्वच्छ खडी भरून टाकायची. कडा ढासळायला जागा राहत नाही. पातळी पाइपमध्ये टेप सोडून वरून मोजायची. खडीने व्यापलेली जागा हिशेबात वजा करायची, एवढंच काय ते जास्तीचं गणित. खडी भरायची नसेल तर आकडे रंगवलेली पट्टी खड्डा खणतानाच पोकलेनच्या बकेटने कडेला रोवून घ्यायची आणि लांबून वाचायची. खड्ड्याला कठडा तरीही हवाच.

आता मुकादमांच्या वीस वर्षांबद्दल. ती खोटी नाहीत, आणि तुम्ही त्यांना खोटं पाडायलाही जाऊ नका. पण ती वीस वर्षं बहुतेक पायाच्या खड्ड्यांत गेली असणार. पाया घट्ट जमिनीत घ्यायचा, म्हणून आपण घट्ट जमीन शोधत खाली जातो. शोषखड्ड्याचं अगदी उलटं असतं. तो आपण मुद्दाम रेताड, सच्छिद्र, सैल जमिनीत घेतो, कारण तिथेच पाणी मुरतं. जी माती पाणी चटकन पिते, ती कडेला उभी राहत नाही. जागा जितकी चांगली निवडाल, तितका खड्डा धोक्याचा. चिकण माती निदान काही तास तरी तग धरते आणि माणसाला खोटा भरवसा देते. वाळू तेवढाही देत नाही. शिवाय तुमचं काम इमारती झाल्यानंतरचं आहे. म्हणजे आसपासची बरीच जमीन एकदा उकरून पुन्हा भरलेली असणार. भरावाची माती मूळ मातीसारखी धरत नाही. दिसायला मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. मुकादमांचा अनुभव खरा आहे, पण तो वेगळ्या जमिनीचा आहे.

मी स्वतः नोकरीला लागलो तेव्हा असाच एक चर होता, पावणेदोन मीटर खोल. सकाळी काठावरून जाताना मला मातीत एक भेग दिसली. काठापासून हातभर मागे, काठाला समांतर, शिवणीच्या दोऱ्याएवढी बारीक. मी ती बघितली आणि ओलांडून पुढे गेलो. जेवायच्या सुट्टीत धप्प असा दबका आवाज आला. गोणी पडल्यासारखा, फार मोठाही नाही. जाऊन बघतो तर चराची वीस फूट बाजू त्या भेगेवरून कापल्यासारखी आत बसलेली. माणसं झाडाखाली डबे उघडून बसली होती, म्हणून वाचली. त्यात माझी काही हुशारी नव्हती. तेव्हापासून मी काठाला समांतर भेग दिसली की चर रिकामा करतो आणि मग कारणं शोधतो.

अर्थात काही कामांना आत उतरावंच लागतं. क्रेटची टाकी तशीच. तळ सपाट करायचा, गाळणीचं कापड अंथरायचं, क्रेट जुळवायचे, हे वरून होत नाही. इथे जागा असेल तर कडा उभ्या ठेवूच नका. सैल, रेताड मातीला अमेरिकेच्या नियमांत प्रत्येक मीटर खोलीला दीड मीटर बाहेर, म्हणजे सुमारे ३४ अंशांचा उतार सांगितला आहे. जागा नसेल तर लोखंडी ट्रेंच बॉक्स, म्हणजे दोन्ही कडा धरून ठेवणारी पेटी, किंवा फळ्या आणि टेकू. टेकू वरून खाली बसवत जायचे आणि काढताना खालून वर. आधार बसवायलाच माणूस बिनआधाराच्या चरात उतरवायचा, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की त्यावर हसावं की रडावं कळत नाही.

किती खोलीपासून आधार द्यायचा, हा प्रश्न साहेब विचारतीलच. अमेरिकेत भक्कम खडक सोडला तर १.५ मीटरपासून आधार किंवा उतार सक्तीचा आहे आणि त्याहून कमी खोलीतही ढासळण्याची चिन्हं दिसली तर आधार द्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये आकडाच दिलेला नाही. कोसळण्याचा धोका आहे का, एवढंच बघायचं. मला ब्रिटनचं पटतं. आकडा दिला की लोक त्याच्या दोन इंच वर थांबतात. तुमच्याकडे लागू असलेला नियम वाचा, पण टेप बघण्याआधी माती बघा.

काठाचं थोडक्यात सांगतो, तुम्हाला बरंचसं ठाऊक असेल. उपसलेली माती काठापासून किमान ०.६ मीटर मागे, आणि ही किमान मर्यादा आहे. जागा असेल तर आणखी मागे. शिडी अशी, की चरात कुठेही उभ्या असलेल्या माणसाला साडेसात मीटरच्या आत सापडेल. पाहणी रोज काम सुरू होण्याआधी, पाऊस पडून गेल्यावर पुन्हा आणि पाण्याची चाचणी झाल्यावर तर नक्कीच. खणण्याआधी जमिनीतल्या केबल आणि पाइप शोधायचे. हे काम शेवटी आल्यामुळे एव्हाना सगळं जमिनीत गेलेलं असतं आणि ड्रॉइंगवर दाखवलंय तिथेच ते असेल याची खात्री नाही. यंत्राने शोधून घ्या, खुणा करा आणि खुणेजवळ पोकलेन थांबवून हाताने खणा. पोकलेन फिरतो तेव्हा त्याचा मागचा भाग आणि भिंत यांच्या मध्ये माणूस सापडू शकतो, हेही इमारतीजवळच्या अरुंद जागेत विसरू नका.

क्रेटच्या टाकीबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हे क्रेट साधारण ९५ टक्के पोकळ असतात. भरून, दाबून, वर फरशी झाली की ते गाड्यांचं वजन घेतात. अर्धवट भरावात मात्र घेत नाहीत. आणि साइटवर सगळ्यात जड गाड्या फिरतात त्या नेमक्या याच अर्धवट काळात. मातीचा पातळ थर पडला की ती जागा इतर जमिनीसारखीच दिसते आणि खडीचा डंपर सरळ वरून जातो. किती भराव झाल्यावर कुठलं यंत्र वर नेता येतं, ते क्रेट बनवणाऱ्याच्या कागदात दिलेलं असतं. तो आकडा फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही, ड्रायव्हरला दिसेल असा जागेवर लावा आणि भोवती फित नव्हे, खराखुरा अडथळा ठेवा. टाकी पाणी न सोडणाऱ्या पडद्यात गुंडाळलेली असेल तर आणखी एक. भरावाचं वजन येण्याआधी जोराचा पाऊस झाला आणि खड्ड्यात पाणी साचलं, तर ती तरंगते. बुडालेल्या प्रत्येक घनमीटरला पाणी एक टनाने वर रेटतं. अशा वेळी ती दाबून धरायला कुणी आत उडी मारू नये. प्लास्टिक परत मिळतं.

पेव्हर ब्लॉकच्या कामात कोसळायला काही नाही, म्हणून तिथे सगळे निर्धास्त असतात. पण कटर कोरडा चालतो तेव्हा उठणारा पांढरा ढग नीट बघा. काँक्रीटमध्ये सिलिका असते. तिची डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ढग अडवत नाही, फक्त मनाला बरं वाटतं. कटरच्या पात्यावर सतत पाणी हवं, मिनिटाला निदान अर्धा लिटर, आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा धुळीचा मास्क. त्याहून चांगलं म्हणजे कापणंच कमी करा. कडेचे अर्धे ब्लॉक कारखान्यातून मागवा आणि उरलेले दाबून तोडायच्या स्प्लिटरने तोडा. म्हणजे खड्ड्याला लावला तोच प्रश्न इथेही: हे करायलाच हवं का?

आता ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही आणि मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते, ते सांगतो. टाकीतलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायला तुमच्याकडे एखादं खोल चेंबर असणारच आणि ते कुठेतरी जुन्या वाहिनीला जोडायचं असणार. त्या जोडणीच्या दिवशी कुणीतरी झाकण उघडून सहज आत उतरेल. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की माणसाला आत जाऊ देत नाहीत, आणि चेंबरमध्ये तो त्याच्याही बराच खाली गेलेला असू शकतो. तेव्हा खोकला येत नाही, जीव घाबरत नाही, माणूस नुसता कोसळतो. गटारात तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, हे माहीत नसतं. "आता वास गेला, उतरा" हे वाक्य म्हणूनच भयंकर आहे. त्यात पाणी उपसायला पेट्रोलचा पंप खाली ठेवला, तर कार्बन मोनॉक्साइड हा आणखी एक विषारी वायू आपणच तयार करतो, आणि त्याला वासच नसतो. पंप वर ठेवा, पाइप खाली सोडा. गॅस मोजायचं यंत्र दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा, काम चालू असतानाही मोजत राहा. कुणी आत जाणारच असेल तर हार्नेस, तिपाई आणि वरून ओढून काढायची सोय हवी, आणि वर उभ्या माणसाला दुसरं कुठलंही काम नको. ही तयारी नसेल तर हे काम तुमच्या माणसांचं नाही. त्यात शिकलेली माणसं बोलवा. पहिला बेशुद्ध पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. चेंबरमधल्या कितीतरी मृत्यूंत सोडवायला गेलेलेच दगावलेले असतात. चौघं धावले याचं तुम्हाला कौतुक वाटलं असेल, मलाही वाटलं. पण त्याच चौघांना आजच सांगून ठेवा की खड्डा ढासळला किंवा कुणी चेंबरमध्ये पडला तर आत उडी मारायची नाही, जवळची यंत्रं बंद करायची, अग्निशमन दलाला बोलवायचं आणि गाडलेल्या माणसाला पोकलेनने ओढायचं नाही.

आता बोलायचं कसं ते. खड्ड्याच्या काठावर, सगळ्या टोळीसमोर मुकादमांना अडवू नका. तिथे ते हो म्हणूच शकत नाहीत. सकाळी, यंत्रं सुरू व्हायच्या आधी, ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचारा, "मामा, हा शोषखड्डा कुणी आत न उतरता करायचा झाला, तर कसा कराल?" सुरक्षिततेचं नाव काढू नका. खड्ड्याला आतून आधार देणाऱ्या काँक्रीटच्या गोल कड्या यंत्राने कशा सोडायच्या, हूक वरून कसे सुटतील, गाळणीचं कापड खड्ड्यात कसं अंथरायचं, हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं सुचेल. वीस वर्षांचा अनुभव वापरायची जागा ही आहे.

साहेबांचं गणित निराळं आहे. बहुधा टेकूंचा खर्च दरात धरलेलाच नाही. कंत्राटदार टेकू टाळतो तो म्हणून, आणि साहेब विषय टाळतात कारण तो मुद्दा काढला की पैशाची बोलणी उघडतात. बागेचं काम म्हणणं त्यांना म्हणूनच सोयीचं जातं. तेव्हा त्यांच्याशी भीतीची भाषा बोलू नका. चार ओळी लिहून द्या: कुठला खड्डा, किती खोल, माती कसली, काय हवंय आणि ते न मिळाल्यास काम कुठल्या तारखेला थांबेल. आणि एक गोष्ट त्यांच्याकडून आधीच, लेखी मागून घ्या: भेग दिसली किंवा पाणी आलं तर तुम्ही कुणाला न विचारता काम थांबवू शकता. हे त्या क्षणी मागायला वेळ नसतो. साहेबांनी दाद दिली नाही तर सुरक्षा अधिकारी, मग प्रकल्पाचा मालक, मग सरकारी निरीक्षक. या वाटेने गेल्यावर नोकरीत वातावरण गढूळ होतं, कधी नोकरीही जाते, हे मी लपवणार नाही. कागद मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे असू द्या.

खोडा घालण्याबद्दल विचारलंत. पाझर चरात पाणी मुरतं, भूजल वाढतं, पूर कमी होतो, सगळं खरं. पण हे काम शेवटी ढकललं जातं, उरलेल्या पैशात आणि उरलेल्या दिवसांत उरकलं जातं. ते चांगलं काम आहे म्हणून त्याची माती हलकी होत नाही. पुढच्या प्रकल्पात संधी मिळाली तर हे काम वेळापत्रकात आधी आणा. म्हणजे खड्डे पाऊस सुरू व्हायच्या आत भरले जातील आणि घाईही राहणार नाही. झिरपणारी फरशी मात्र शेवटीच ठेवा, नाहीतर साइटचा गाळ तिच्यात बसेल.

राहिली ती न झालेली नोंद. ती आज करा, आठवडा उलटला असला तरी. तारीख, वेळ, खोली, माती, कोण आत होतं, किती गाडलं गेलं. त्या खड्ड्याचे फोटो असतील तर जोडा. आणि त्या माणसाला गाठून नडगीची जखम कशी आहे ते विचारा. साचलेल्या गढूळ पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि सोललेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी डोकं काढतो, कधी महिनाभरानेही. ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर थांबू नका, त्याला डॉक्टरकडे न्या आणि तो जखम घेऊन खड्ड्यातल्या पाण्यात उभा होता हे स्वतः सांगा. तो सांगणार नाही. तो हसला होता ना.